चौथा ठिपका

आमच्या बेटावर कोणाची कात्री कशी चालते, ते मला विचारावं. नाताळात चर्चच्या हॉलमध्ये विणलेली कागदी हृदयं टांगतात, त्यातलं एल्नाचं कुठलं आणि पाद्रीणबाईंचं कुठलं, हे मी दारातूनच सांगते. एल्ना घाईत कापते, म्हणून तिच्या वळणांना कोपरे येतात. पाद्रीणबाई आधी पेन्सिलीनं आखून घेतात आणि मग रेघ खोडायला विसरतात. हा माझा गर्व नाही. सत्तर वर्षं एकच काम केल्यावर माणसाला एवढं यायलाच हवं.

घरात माझ्या चिकटवह्या आहेत. जेवणाच्या खोलीतलं अख्खं कपाट त्यांचं, आणि न मावलेल्या पलंगाखाली. लहानपणी दुकानात मिळायची ती उठावाची चकचकीत चित्रं, फुलांच्या टोपल्या, पंखवाली बाळं, झोपाळ्यावरच्या मुली, हे सगळं पहिल्या वह्यांत आहे. पुढे मग चीजच्या डब्यांवरची लेबलं, संत्री गुंडाळून यायची ते पातळ कागद, फेरीबोटीची तिकिटं, आणि मी स्वतः कापलेली जाळी. नवरा होता तेव्हा म्हणायचा, घराला आग लागली तर तू आधी वह्या बाहेर काढशील. मी म्हणायचे, वह्यांना पाय नाहीत, तुला आहेत. तो बिचारा हसायचा आणि नवीन वहीसाठी कपाटात फळी ठोकून द्यायचा.

प्रत्येक वहीत एक पान वसंतातलं असतं, आणि त्या पानावर गेके-पत्रं. ईस्टरच्या आधी आमच्याकडे अजून सगळे ती पाठवतात, निदान ज्यांना कात्री धरता येते ते सगळे. पांढऱ्या कागदाच्या घड्या घालून त्याची जाळी कापायची, त्यावर चार ओळींचं यमक लिहायचं, आत एक हिमफूल ठेवायचं. बर्फातून डोकं वर काढून हिवाळ्याला चकवतं ते फूल. आणि खाली नाव लिहायचं नाही. आमच्या रोमन लिपीत नावाची जितकी अक्षरं होतात तितके ठिपके द्यायचे. ज्याला पत्र आलं त्यानं ईस्टरच्या सकाळपर्यंत पाठवणाऱ्याला ओळखायचं. ओळखलं तर पाठवणाऱ्यानं चॉकलेटचं अंडं द्यायचं, नाही ओळखलं तर आपण. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळे डाव्या हातानं लिहितात आणि आपण फार हुशार असं समजतात.

मला दरवर्षी सात-आठ पत्रं येतात आणि मी एकही अंडं हरत नाही. ठिपके मी मोजतही नाही, जाळी बघते. त्यातही ऑसेचं पत्र तर पाकिटातून निम्मं बाहेर आलं की कळतं. तिच्यासारखं वळण बेटावर कोणाच्या हातात नाही. हे मी तोंडावर तिला कधी म्हटलं नाही, पण माझ्याही हातात नाही. शाळेत पहिल्या दिवशी आम्हाला एका बाकावर बसवलं तेव्हापासून ती माझी मैत्रीण. कागद कापायचं खरं गमक तिनंच मला सांगितलं. कात्री हलवायची नाही, कागद फिरवायचा. नवीन येणाऱ्या सगळ्यांना ते मी माझं म्हणून सांगते आणि ती शेजारी बसून गप्प ऐकते. तिचं पत्र म्हणजे तीन ठिपके, आणि प्रत्येक ईस्टरला ती अंडं घेऊन दारात उभी राहून म्हणायची, "ओळखलंस वाटतं. कठीण होतं नाही का?"

गेल्या शरदात मात्र आमचं फाटलं.

झालं ते असं. माझ्याकडे आईनं दिलेलं एक मोठं चकचकीत चित्र होतं, गुलाबांच्या टोपलीत बसलेलं मांजर. लढाईच्या वर्षांत आईनं ते कुठून पैदा केलं कोण जाणे. ऑसेनं ते नाताळच्या सजावटीचा नमुना काढायला म्हणून उसनं नेलं. तीन आठवड्यांनी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तिनं आपल्या कागदकामाचा अख्खा खोका दान केला, आणि माझं मांजर त्यातच गेलं. उन्हाळी घर बंद करायला आलेल्या कोणा ओडेन्सेच्या बाईनं खोका विकत घेतला आणि ती बोटीत बसून गेली. मला हे कळलं ते गुरुवारच्या कागदमंडळात, आम्ही बायका कागद कापायला जमतो तिथे, सगळ्यांसमोर. मीही मग सगळ्यांसमोरच बोलले. म्हटलं, तुझ्या घरात दिलेली वस्तू म्हणजे समुद्रात टाकलेला खडा. म्हटलं, स्वतःचं फुंकून टाकायचं ते टाक, माझ्या आईचं कशाला? तिनं उठून कोट घातला, हात खिशात कोंबले आणि निघून गेली. त्यानंतर मंडळात ती आली नाही.

मी वाट बघितली. चूक तिची होती, तेव्हा पहिलं पाऊल तिनं टाकायचं, हे तर उघड आहे. नाताळात तिनं कार्ड पाठवलं ते दुकानातून आणलेलं, छापील. ऑसेनं! मी ते चिकटवहीत लावलं नाही, विस्तव पेटवायला वापरलं. आणि जानेवारी संपता संपता एल्नानं बातमी आणली की ऑसेनं घर विकायला काढलंय आणि ईस्टर झाला की मंगळवारच्या बोटीनं ती कायमची ऑल्बोरला चालली आहे, मुलाकडे, टोर्बेनकडे.

एल्ना आमच्या मंडळाची चिटणीस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण आणते ती बातमी खरी असते. मी म्हटलं, जाऊ दे, तिचा मुलगा आहे. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही. ऑल्बोर म्हणजे बोट, मग गाडी, मग दुसरी गाडी. या वयात तिकडे गेलेलं माणूस परत येतं ते फक्त दफनाला. आम्ही न बोलताच ती बोटीत बसली तर ते तसंच राहणार होतं, माझ्याकडूनही आणि तिच्याकडूनही. हे मला समजत होतं. तरीही मी तिच्या दाराशी गेले नाही, कारण मांजर माझं गेलं होतं.

मी एकाच गोष्टीवर आशा ठेवून होते. फेब्रुवारी सरला की गेके-पत्रं सुरू होतात. ऑसे भांडेल, रुसेल, पण पत्र चुकवणार नाही. एकदा तिला गालगुंड झालं होतं तेव्हासुद्धा चुकलं नव्हतं. तीन ठिपके आले की मी तिच्या दारात जाईन, म्हणेन ओळखलं, आण माझं अंडं, आणि विषय संपेल. तिनं पहिलं पाऊल टाकलं असंही होईल आणि मला काही बोलावंही लागणार नाही. मी रोज सकाळी पोस्टाची गाडी वळली की पेटीशी जाऊन उभी राहत होते.

पाद्रीणबाईंचं आलं. एल्नाचं आलं. माझ्या भाच्याच्या मुलींची आली. आणि मार्चमध्ये एके दिवशी एक पाकीट आलं, पत्ता वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत. मी तिथेच फाटकाशी उघडलं. आतली जाळी बघून आधी मला हसूच आलं. भोकं एकात एक घुसलेली, काठ दातरलेला, एका बाजूनं कागद फाटून मागून चिकटपट्टी लावलेली. पण हिमफूल छान दाबलेलं होतं. यमक असं होतं:

थंडीला चकवून वर आलं इवलं पांढरं फूल,
तुलाही, डाग्नी, आज घालते थोडीशी मी भूल.
नावाच्या जागी ठिपके माझे, ओळख मला नीट,
चुकलीस तर अंडं देशील, अस कितीही धीट.

खाली ठिपके. या वेळी मी मोजले. चार होते.

मी पुन्हा मोजले, मग चष्मा पुसून आणखी एकदा. चारच. मला किती वाईट वाटलं ते सांगता येत नाही. थंडीत फाटकाशी उभं राहून मी त्या मुक्या कागदावर चिडले, की तू दुसऱ्या कोणाचा का आहेस.

ऑसेचं पत्र आलंच नाही. मार्च गेला, एप्रिल आला. माझा राग सगळा त्या चार ठिपक्यांवर निघाला. गुरुवारी मी ते पत्र मंडळात नेलं, टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, बघा, हे कोंबडीनं उकरलंय. सगळ्या हसल्या. एल्नाच्या नावात चार अक्षरं आहेत, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, माझं तर तुला पोचलंय, आणि मी इतकी वाईट कापत नाही गं. ते खरं होतं. मग मी विचार केला, की ज्यानं हे कापलं त्यानं जन्मात कात्री धरलेली नाही. म्हणजे हा पुरुष. चार अक्षरांचा पुरुष माझ्या ओळखीत एकच, कुंपणापलीकडचा एगॉन. बोटीवर इंजिन सांभाळण्यात हयात गेली त्याची, हाताचं एकेक बोट म्हणजे खुंटी. बायको वारल्यापासून काही ना काही निमित्त काढून माझ्याकडे कॉफीला येतो. "घालते मी भूल" हे बाईच्या तोंडचं यमक बघून मी जरा घुटमळले, पण मग वाटलं, फसवायचं म्हणजे तेही आलंच.

मी कुंपणाशी गेले, पत्र त्याच्या नाकासमोर धरलं आणि म्हटलं, "हे तुमचं काम आहे. नाही म्हणू नका."

त्यानं पत्र उलटसुलट करून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "पकडलंत, डाग्नीबाई."

दुसऱ्याच दिवशी हे एवढं अंडं घेऊन आला, आत बदामाचा लगदा भरलेलं, पिवळी फीत बांधलेलं. कॉफीच्या तीन कपांपर्यंत बसला. एल्नानं हे साऱ्या गावाला सांगितलं. गाव हसलं. मी अंडं फोडून रोज थोडं खात होते आणि मला ते गोड लागत नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, एल्ना रंगीत कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. सोमवारी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये ऑसेसाठी निरोपाची कॉफी होती आणि भिंतीवर लावायला तिचं नाव मोठ्या अक्षरांत कापून हवं होतं. मंडळात मोठी अक्षरं मीच कापते. एल्ना जरा भीतभीतच म्हणाली, की तुला नको असेल तर पाद्रीणबाईंना सांगते. मी म्हटलं, पेन्सिलीच्या रेघांसकट? दे इकडे.

मी पिवळा कागद घेतला. आधी ए कापला, त्याच्या डोक्यावरचं बारीक कडं कापलं, मग एस, मग ई. तीन अक्षरं, जाळीची नक्षी आतून, बाहेरचा काठ साधा. एवढं तरी मी तिच्यासाठी नीट करणार होते. तिन्ही टेबलावर मांडली. एल्ना फुलं कापत होती, तिनं मान वर केली.

"हे कडं कशाला?" ती म्हणाली. "तिनं दोन ए सांगितलेत."

"कोणी?"

"तिनंच. टोर्बेन तिच्या नव्या दारासाठी पाटी करून घेतोय ना, त्याला म्हणाली की जुन्या पद्धतीनं लिही, माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी लिहिलं होतं तसं. म्हणते, ऑल्बोरवाल्यांनी गावाच्या नावातले दोन ए सोडले नाहीत, मग मी तरी का सोडू? हिवाळ्यापासून सगळीकडे तशीच सही करतेय. तुला माहीत नाही?"

मला कसं माहीत असणार? आमचा "ऑ" पूर्वी दोन ए शेजारी शेजारी लिहून व्हायचा. आम्ही शाळेत गेलो त्याच वर्षी सरकारनं ते मोडीत काढलं आणि एकच ए, डोक्यावर कडं, असं नवं अक्षर आणलं. म्हातारी माणसं आणि हट्टी गावं तेवढी जुनं धरून बसली. मी ते कडं उचलून बाजूला ठेवलं, आणखी एक ए कापला आणि पहिल्याच्या शेजारी मांडला. ए, ए, एस, ई. मग बोटानं मोजलं, जसे फाटकाशी ठिपके मोजले होते तसे.

आणि मग मला शाळेतला पहिला ईस्टर आठवला. जिंकलेलं भांडण माणूस विसरतं, म्हणून मी ते विसरले होते. ऑसेच्या आईनं तिला घरी नाव शिकवलं होतं ते दोन ए घालून. बाईंनी पाटीवर ते पुसलं आणि कडं काढून दिलं. पण मला पहिलं गेके-पत्र पाठवताना तिनं आईनं शिकवलेलंच नाव धरलं आणि चार ठिपके दिले. मी म्हटलं, वर्गातली इंगे. चुकले. ईस्टरच्या सकाळी ती अंडं मागायला आली तेव्हा मी म्हटलं, तुझे तीन होतात, पत्रच खोटं आहे, चल बाईंना विचारू. सुट्टी संपल्यावर बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, तीन. मी अंडं दिलं नाही. ती रडली, आणि पुढच्या वर्षापासून निमूट तीन ठिपके देऊ लागली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत माझी. माझी मैत्रीण महिनाभर माझ्या टेबलाच्या खणात होती आणि मी एगॉनचं अंडं खात होते.

पण ती जाळी? ऑसेची कात्री अशी चालणं शक्यच नव्हतं. मी खणातून पत्र काढलं आणि या वेळी हसण्यासाठी नाही, बघण्यासाठी बघितलं. वळणं बिघडलेली होती, पण जिथून सुरू व्हायची तिथूनच सुरू झाली होती. घडी तिचीच होती, मधल्या चौकटीत फुलासाठी जागा सोडायची तिचीच पद्धत. सगळं तिचं होतं, फक्त हात तिचा नव्हता. मला तो कोट आठवला आणि खिशात कोंबलेले हात. मग छापील कार्ड आठवलं. मग तो खोका, अख्खा, कात्र्यांसकट. मी खुर्चीवर बसले. एल्ना विचारू लागली की तुला बरं वाटत नाही का, तर मी म्हटलं की तू घरी जा, आणि तिच्याकडे न बघता कोट चढवला. उरलेलं अर्धं अंडं रुमालात बांधून पिशवीत टाकलं.

फाटकाशी एगॉन वाफे उकरत होता. मी म्हटलं, "तुम्ही खोटं बोललात. पत्र तुमचं नव्हतं."

"तुम्ही विचारलंत कुठे?" तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत. तुम्ही सांगता तेव्हा हो म्हणावं, एवढं मी शिकलोय."

त्याच्याशी भांडायला माझ्याकडे वेळ नव्हता.

ऑसेनं दार डाव्या हातानं उघडलं. आत सगळीकडे खोकी, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. मला बघून ती बाजूला झाली, पण ये म्हणाली नाही. स्वयंपाकघरातलं टेबल तेवढं अजून होतं. मी त्यावर रुमाल सोडला.

"हे अंडं," मी म्हटलं. "अर्धं आहे. अर्धं मी खाल्लं."

"कुणाचं?"

"एगॉनचं."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. पण ती हसली नाही. समोर बसली, उजवा हात मांडीवर, टेबलाखाली. म्हणाली, "ईस्टर उद्या आहे. उशीरच केलास."

"तू तीन दिले असतेस तर त्याच दिवशी आले असते."

"ठिपक्यांचं राहू दे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू कापणं बघून ओळखशील. तू कधी ठिपके मोजतेस? म्हटलं, डाग्नीनं ओळखलं तर माझ्या हातात अजून काहीतरी उरलंय. नाही ओळखलं तर नाही उरलं."

मी म्हटलं, "मी त्याला कोंबडीनं उकरलंय म्हटलं."

"माहीत आहे. एल्ना सांगून गेली. हसत सांगत होती, तिला काय ठाऊक." ती थांबली. "वाईट वाटलं. पण दिसतं तसंच ते. कितीतरी कागद फाडले तेव्हा ते एक झालं."

मग तिनं हात वर आणून टेबलावर ठेवला. तो थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर शेजारची बशी खुळखुळू लागली. तिनं बशी सरकवली नाही, मला ऐकू दिली. गेल्या उन्हाळ्यापासून, ती म्हणाली. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. पेला धरता येतो, बटणं लागतात, कात्री मात्र नाही. घरात कात्र्या आणि कागद डोळ्यांसमोर नकोत म्हणून सगळं उचलून खोक्यात टाकलं आणि देऊन टाकलं. "तुझं मांजर त्यात आहे हे मी विसरले. ते मात्र माझं चुकलं, डाग्नी. तुझ्या आईचं होतं ते."

मांजराचं नाव ऐकून मला रडू आलं, आणि ते मांजरासाठी नव्हतं. रडू आलं की मी चिडते, माझा स्वभावच तसा. म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस? मंडळात सांगायचं, माझा हात चालत नाही. आम्ही काय खाल्लं असतं तुला?"

"तू समोर बसलेली असताना?" ऑसे म्हणाली. "तू दारातून सांगतेस कोणाचं वळण कसं बिघडलंय ते."

बशी खुळखुळत होती. मी हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला. थरथर थांबली नाही, फक्त आता ती माझ्याही हातात आली.

मग मी नाक पुसलं आणि खोक्यांकडे बघितलं. चिनी मातीची भांडी गुंडाळायला आणलेल्या पातळ पांढऱ्या कागदाचा गठ्ठा तिथे पडला होता. माझी बाकदार कात्री पिशवीत असतेच. मी कागदाचा एक ताव काढला, घड्या घातल्या, आणि तिच्यासमोर धरला.

"मला नाही जमत," ती म्हणाली.

"तुला कात्री कोण देतंय? कात्री मी धरते. तू फिरव."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"कात्री हलवायची नाही," मी म्हटलं, "कागद फिरवायचा. तूच सांगितलंयस. मी सगळ्यांना माझं म्हणून सांगते."

"ऐकते मी ते. दर वेळी ऐकते."

मी कात्री घट्ट धरली, फक्त पाती उघडली आणि मिटली. तिनं डाव्या हातानं कागद फिरवला. आधी जरा अडखळली, मग वळण आलं. ते तिचं वळण होतं. मला ते कधीच जमलं नव्हतं, आणि आता माझ्या कात्रीखालून निघत होतं. उजवा हात तिनं कागदाच्या कडेवर टेकवला होता, त्यामुळे काठाला बारीक लाटा येत होत्या. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "काठ बघ, मुद्दाम केला तर येणार नाही असा." घडी उलगडून आम्ही दोघींनी ती जाळी खिडकीच्या उजेडात धरली.

हे कोणाला पाठवायचं, यावर फार विचार करावा लागला नाही. एगॉननं न केलेल्या पत्राचं श्रेय घेतलं होतं आणि त्यावर कॉफीचे तीन कप वसूल केले होते. ईस्टर उद्याच असल्यानं त्याला ओळखायला एकच रात्र मिळणार होती, आणि तेच त्याच्या लायकीचं होतं. यमक मी लिहिलं, डाव्या हातानं. ऑसे शब्द सुचवत होती आणि अंड्याचे तुकडे तोंडात टाकत होती. म्हणाली, एगॉनचं अंडं खाऊन एगॉनलाच चकवायचं, हे फारच झालं. तेव्हा मात्र ती पोटभर हसली. बदामाचा सगळा लगदा तिनंच संपवला.

मग ठिपके राहिले. नावं दोन होती. मी माझे पाच दिले आणि पेन टेबलावर ठेवलं.

"तुझे तू दे," मी म्हटलं.

तिनं पेन उजव्या हातात घेतलं. ठिपक्याला वळण लागत नाही, पेन टेकवलं की झालं. टोक कागदावर थरथरत आलं, टेकलं, उठलं. एक. मग दुसरा, जरासा मोठा. मग तिसरा. तिथे ती थांबली, पेन हवेत धरून, आणि शाळेतल्या त्या सकाळी बघितलं होतं तसं माझ्याकडे बघितलं.

"बाईंना विचारायला नको?" ती म्हणाली.

"बाई मेल्या," मी म्हटलं. "दे चौथा."